परबकाकांच्या दोन पेट्या

परबकाका गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. मी तेव्हा मुंबईत नव्हतो. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गावी भाचीचा साखरपुडा होता, पंगत बसली होती आणि मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो. खिशातला फोन दोनदा थरथरला. पहिला निरोप होता की उद्या पाण्याची टाकी साफ करणार आहेत, सर्वांनी पाणी भरून ठेवावं. त्याच्या लगेच खाली दुसरा… बी विंग, तीनशे दोनमधले आपले ज्येष्ठ सभासद दत्ताराम परब यांचं आज सकाळी निधन झालं, अंत्ययात्रा दुपारी तीन वाजता. समोर भाताचं आळं करून बसलेला एक म्हातारा म्हणाला, "अरं वाढ की बापा, भात वाळायलाय." मी वाढलं. साडेबारा वाजले होते. तिथून मुलुंडला तीनपर्यंत पोचणं कुणालाच शक्य नव्हतं. बादली दुसऱ्याच्या हातात देऊन मी बाहेर आलो आणि सुजाताला, माझ्या बायकोला, फोन लावला. ती म्हणाली, "नाश्ता करून खुर्चीत बसले होते हो, बसल्या जागी गेले." मी विचारलं, "अण्णांना सांगितलंस?" ती म्हणाली, "नाही. त्यांच्या खोलीचं दार लावून घेतलंय. वरचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून." मी म्हणालो, मी येईपर्यंत सांगू नकोस. ज्या माणसाचं आमच्या घरावर एवढं ऋण, त्याला खांदा द्यायला मी नव्हतो. याला आता सहा आठवडे झाले. खांदा राहिला, निदान चार शब्द तरी लिहावेत म्हणून हे लिहितो आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. गावात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आणि संध्याकाळी गायन पार्टीत गायचे. जयंतीची गाणी, शाळेची गाणी, बरीचशी स्वतः रचलेली. स्वतः चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस गावोगाव फिरून लोकांना गाण्यातून सांगायचा की पोरं शाळेत घाला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि ते त्या गाण्यांमुळेच, कारण मुलाला शाळेतून काढलं असतं तर अण्णांना कुठल्या तोंडाने गाता आलं असतं? पुढे मला विमा कंपनीत नोकरी लागली, घाटकोपरला भाड्याच्या खोलीत काही वर्षं काढली आणि पाच वर्षांपूर्वी मुलुंडला हा दोनशे दोन नंबरचा जुना फ्लॅट घेतला. त्याच वर्षी गावी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आई आधीच वारलेली, म्हणून मी त्यांना इकडे आणलं.

वाचा गेली म्हणजे अगदी मुके झाले नाहीत. एक शब्द उरला होता. 'बरं.' भूक लागली तरी बरं, पाय दुखला तरी बरं, नको असलं तरी बरं. पाणी हवं असलं की ते माझ्याकडे बघून बरं, बरं, बरं म्हणत राहायचे आणि मी चादर, खिडकी, पंखा असं सगळं करून शेवटी पाण्याशी पोचायचो. तीस वर्षं ज्याच्या शब्दांवर माणसं माना डोलावत होती, त्याचं हे झालेलं मला बघवत नसे. स्पीच थेरपीच्या मॅडम यायच्या. त्यांनी एक दिवस विचारलं, "हे गायचे म्हणता ना? बोलता न येणाऱ्याला कधी कधी गाता येतं. यांचीच गाणी यांना ऐकवा. शब्द अगदी स्पष्ट ऐकू गेले पाहिजेत. मग ओळ अर्धी सोडा आणि पुढची यांना म्हणू द्या. लगेच काही होणार नाही, पण सोडू नका." गावातल्या एकाने कॅसेटवर अण्णांची गाणी भरून ठेवली होती, ती मी फोनमध्ये उतरवून घेतली. हेडफोन लावला तर अण्णांनी डाव्या हाताने ओढून फेकला. फोन उशाशी ठेवला तर आवाज कुठून येतोय ते शोधत अस्वस्थ व्हायचे. मग लक्षात आलं की त्यांच्या खोलीच्या खोट्या छतात, आधीच्या मालकाने लावलेले दोन गोल स्पीकर आहेत. दिवसभर उताणं झोपणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय! एका वायरमनकडून ते चालू करून घेतले आणि गाणं लावलं… तर माठात तोंड घालून कुणी बोलावं तसा आवाज. शब्द कळेनात म्हणून मी आवाज वाढवला. तरी कळेनात. आणखी वाढवला.

दुसऱ्या दिवशी, रविवार होता, दाराची बेल वाजली. दारात बनियन, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, कानावर पेन्सिल अशा वेशात सत्तरीचे गृहस्थ उभे. "खंदारे ना? मी वरचा परब." घाटकोपरच्या खोलीत मी जयंतीची गाणी लावली तेव्हा अशीच एकदा बेल वाजली होती आणि मालकाने दारातूनच सांगितलं होतं, ही असली गाणी आमच्याकडे नकोत. आवाजाबद्दल तो काहीच बोलला नव्हता. त्यामुळे काका काही म्हणायच्या आतच मी म्हणालो, "बंद करतो काका, आत्ता बंद करतो."

"बंद कर म्हणून कोण म्हणालं?" काका म्हणाले. "मला आधी सांग, तो माणूस म्हणतोय काय? काल सकाळपासून वर नुसतं ढूम, ढूम. गाणं आहे का पाण्याचा पंप लागलाय, तेवढं तरी कळू दे!" मग जरा खाली आवाजात म्हणाले, "काकीला चकरेचा त्रास आहे रे. डोक्यात घुमतं तिच्या. म्हणून आलो."

मी त्यांना आत नेलं. अण्णांकडे बघून त्यांनी हात जोडले. अण्णा म्हणाले, बरं. मी सगळं सांगितलं, मॅडम काय म्हणाल्या, गाणी कुणाची. काकांनी एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा छताकडे. "गाणारे ते हे स्वतः?" हो म्हणालो. "स्टूल आण." स्टुलावर चढून त्यांनी स्पीकर फिरवून खाली ओढला, भोकात हात घातला, फोनचा दिवा धरून आत डोकावले आणि तिथूनच बोलले, "मागे काहीच नाही. उघडा ठेवलाय नागडा! अरे, स्पीकर जेवढा पुढे बोलतो तेवढाच मागे बोलतो. पुढचा आवाज तुझ्या वडलांना, मागचा माझ्या बायकोला. पोकळीत घुमतो, बाथरूमच्या डक्टमधून वर येतो. आणि उरलेला पुढच्यात मिसळतो, म्हणून शब्दांची वाट लागते. याला मागून पेटी पाहिजे. बंद. हवासुद्धा जाता कामा नये."

मी विचारलं, थर्माकोलचा डबा ठेवला तर? "त्यात काय पापलेटं ठेवायचीत तुला?" विकत मिळते का विचारलं, तर म्हणाले, "मिळत असेल. पण तुझ्या छतात नेमकी मावणारी कोण देणार? मी करतो." अर्ध्या तासापूर्वी मला हा माणूस ठाऊकही नव्हता. तक्रार घेऊन आला आणि काम अंगावर घेऊन गेला.

परबकाका कुडाळकडचे. वडील गिरणीत होते, काका स्वतः भांडुपच्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर म्हणून चाळीस वर्षं राबले. हे काम मला त्यांच्याकडूनच कळलं. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची, पंपाचं अंग म्हणा किंवा चाक, तर आधी तिची हुबेहूब लाकडी प्रत करावी लागते. ती वाळूत दाबून काढली की वाळूत तिचा आकार उरतो, आणि त्यात रस ओततात. लाकडात केसाएवढी चूक झाली की लोखंडात ती कायमची. त्यामुळे काकांचा हात अतिशय चोख, आणि स्वभाव तितकाच कडक. तीनशे दोनच्या बाल्कनीत त्यांनी एक छोटं बाकडं टाकलं होतं, भिंतीवर पटाशा, रंधे, कानस. कांजूरमार्गच्या एका फर्निचरवाल्याकडून त्यांनी जाड प्लायचे तुकडे आणले आणि पुढचे तीन रविवार मी त्या बाल्कनीत प्लायचं दुसरं टोक धरून उभा होतो. मी आणलेले स्क्रू त्यांनी एकदा बघितले आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिले. "कुंडीत लाव, उगवले तर बघू." सरस लावून झाल्यावर मी पेटी उचलायला गेलो की ओरडायचे, "सुकू दे! तुम्हा शिकलेल्या लोकांना सगळं आजच पाहिजे." प्रत्येक बाजू ते बोटाच्या पेराने ठोकून बघायचे. टणटण वाजली की आतून आडवी पट्टी मारायची. ठप्प असा मेलेला आवाज आला की खूश. "पेटी बोलता नये. बोलायचं काम स्पीकरचं." कोपऱ्यांत मेण भरलं, वायरीच्या भोकात मेण भरलं. मग स्पीकर बसवून, त्याचा पडदा हलकेच दाबत, सांध्यांवरून पेटलेली उदबत्ती फिरवली. धूर हलला की तिथे फट आहे. काकी आतून बघत होत्या. त्यांना माझं आणि काकांचं सगळंच वेड वाटत असणार. "देवाची उदबत्ती त्या डब्याक कित्याक ओवाळतास?" काका मान वर न करता म्हणाले, "देव नाय, तुझ्याच डोक्याची शांती करतंय गो."

पेटीत मऊ काहीतरी भरायला हवं होतं, आवाज आत आपटून परत येऊ नये म्हणून. काकांनी फोम नाकारला. घरात सावरीच्या कापसाची उशी होती, काकींनी गावाहून आणलेली. एका रविवारी मी वर गेलो तर काकी दारातच माझ्यापाशी गाऱ्हाणं घालायला उभ्या. "बघ रे मिलिंदा. माझ्या डोक्याक त्रास नको म्हणान माझीच उशी फाडल्यान!" रागाने बोलत होत्या, पण दुसऱ्या हातात कापसाने भरलेली पिशवी होती, गुठळ्या सोडवून पिंजलेला कापूस. रात्रभराच्या रागानंतर तो त्यांनीच पिंजला होता.

आणि मग बसवायचा दिवस. स्पीकरच्या भोकाभोवती छताचा चौकोन कापून काढला. वर लोखंडी पट्ट्यांची चौकट असते, त्यातल्या दोन पट्ट्यांमध्ये अठरा इंचांची जागा. काकांनी स्वतः मापून नेलेली. पेटी वर उचलली… आणि अडली. काकांनी काढली, फिरवली, पुन्हा लावली. पुन्हा अडली. खिशातून आपली जुनी पोलादी पट्टी काढून पेटी मोजली. "अठराला सूतभर कमी. बरोबर आहे." पुन्हा लावली, अडली. जोर लावला असता तर छत तडकलं असतं. तिसऱ्यांदा मोजली. माप तेच. काकांच्या कपाळाला घाम. मी भीत भीत माझा टेप पुढे केला. टेपने पेटी अठराच्या वर भरली. काका क्षणभर त्या पट्टीकडे आणि टेपकडे आळीपाळीने बघत राहिले, आणि मग अण्णांच्या पलंगावर, त्यांच्या पायाशी बसून हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मेकर लाकडाची प्रत थोडी मोठी करतो. दर वेळी हिशेब नको म्हणून त्याची पट्टीच निराळी असते, तिचे इंच खऱ्या इंचापेक्षा जरासे लांब. छताची जागा काकांनी टेपने मोजली होती आणि पेटी केली होती त्या पट्टीने. अठरा इंचांत दीड सूत, म्हणजे इंचाचा जवळजवळ पाचवा भाग, जास्त. "निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी हात तीच पट्टी उचलतो," ते म्हणाले. "अण्णानू, मी तुमच्यासाठी लोखंडाची पेटी ओतायला निघालो होतो. माझी अक्कल गेली!"

अण्णा म्हणाले, "बरं."

सुजाता दारात उभी होती, ती आधी हसली. मग मी. आणि मग अण्णांचा अर्धा चेहरा हसला. झटक्यानंतर पहिल्यांदा. ते बघून काका हसायचे थांबले आणि उठून गुपचूप रंधा मारायला गेले.

दोन्ही पेट्या दोन्ही टोकांनी तासून संध्याकाळी बसल्या. चौकोन परत जागेवर लावून झाला. काका वर गेले आणि तिथून फोन केला. "लाव." मी म्हणालो, लावलंय. "अरे लाव रे!" "काका, लावलंय. चालू आहे. पहिलं कडवं संपलं." मग काकी कुठूनतरी म्हणाल्या, "कायच येना नाय." मग काका, "झकास!" खाली, आमच्या खोलीत, अण्णांचा आवाज होता. पंचवीस वर्षांपूर्वीचा, खणखणीत, एकेक अक्षर सुटं. अण्णा छताकडे बघत होते. जणू वर कुणीतरी ओळखीचं भेटलं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता काका खाली आले. म्हणाले, "पेटी चांगली झाली. फारच चांगली झाली. आता वर काही ऐकूच येत नाही. आणि मला ते गाणं ऐकायचं होतं ना पुरं." तेव्हापासून रोज चारला यायचे, ते जाईपर्यंत, साडेचार वर्षं. मी ऑफिसात, वांद्र्याला. सुजाता शिक्षिका, तिची सकाळची शाळा असते, ती दुपारी घरी असे. तिच्याकडून मला सगळं कळायचं. काका अण्णांच्या पलंगाजवळ बसत, गाणं ऐकत, मांडीवर ठेका धरत. गावाकडच्या भजनात वाढलेला कान, आठवड्याभरात चाली पाठ झाल्या. मग गाणं बंद करून ते अर्धी ओळ म्हणत आणि थांबत. अण्णा म्हणत, बरं. काका पुन्हा अर्धी ओळ. पुन्हा बरं. मॅडमनी जे मला सांगितलं होतं ते नोकरी, प्रवास यांतून मला दहा मिनिटंही नीट जमत नव्हतं. काका तास तास करायचे. संत होते असं नाही. एकदा वैतागून ओरडले, "अरे म्हण की मेल्या! तुझंच गाणं हा!" अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. काका ताडकन उठून गेले. दुसऱ्या दिवशी चारला दोन मिनिटं कमी असतानाच आले, हातात वाटी, वाटीत काकींनी केलेल्या, नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या. अण्णांना भरवत म्हणाले, "काल माझाच चुकला."

असे पाच महिने गेले. एका दुपारी मी टेबलावर दाव्यांच्या फायली घेऊन बसलो होतो, काकांचा फोन आला. हॅलो म्हटलं तर उत्तर नाही. फोन पलंगावर ठेवला असावा. काका गात होते, अण्णांची ओळ. "चूल विझली तरी चालंल, पोरा…" आणि थांबले. मी फोन कानाला दाबला. पंख्याची घरघर ऐकू येत होती. आणि मग एक आवाज… ओला, घसरणारा, उजवीकडे कललेला, पण चालीत. "वात… विझू देऊ… नको." मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो. या ओळीवर मी दहावी झालो होतो, बारावी झालो होतो, बी.कॉम. झालो होतो. मी फोनवर काका, काका म्हणत होतो. नंतर सुजाताने सांगितलं, काका खिडकीकडे तोंड करून उभे होते.

त्यानंतर शब्द हळूहळू आले. आधी चालीत. अण्णा पाणीसुद्धा गाऊन मागत. मग चाल गळून पडली आणि शब्द राहिले. पाणी, पंखा, सुजा, मिलिंद. मग पंचवीस शब्द, पन्नास शब्द. एके दिवशी सुजाता मला फोनवर हसत म्हणाली, "अहो, अण्णा काय म्हणाले ऐका. माका पाणी दी!" मी चक्रावलो. आमच्या मराठवाड्याच्या सात पिढ्यांत कुणी 'माका' म्हटलेलं नाही. मग कळलं. आम्ही अण्णांशी बोलायचो ते कामापुरतं. दिवसातला एक तास सलग गप्पा मारणारा माणूस एकच होता, आणि गाणं आटोपल्यावर तो स्वतःच्या बोलीत घसरायचा, काकींना फोन लावून बोलायचा तोही तिथूनच, त्याच बोलीत. मी काकांना म्हणालो, "काका, तुम्ही माझ्या वडलांना मालवणी केलंत." ते म्हणाले, "एक तर माणूस बोलाक लागलो, त्यात भाषा पण निवडून होयी तुका?" आमच्या अण्णांना काका कुठे आहेत विचारायचं असलं की ते म्हणत, "परब खंय?" आणि नको असलं की म्हणत, "नुको." मला त्या नुकोचं इतकं कौतुक होतं. बरं, बरं म्हणत सगळं सोसणारा माझा बाप आता नाही म्हणू शकत होता.

मी गावाहून परतलो तो दुपारी. अण्णांनी मला बघितल्याबरोबर विचारलं, "परब खंय?" सुजाताने दोन दिवस काहीबाही सांगून वेळ मारून नेली होती. मी पलंगावर बसलो आणि सांगितलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पाणी पुढे केलं की प्यायचे, नाही केलं तर मागायचे नाहीत. चार वाजले की दाराकडे बघायचे. मी गाणं लावलं तर डाव्या हाताने खूण केली, बंद कर. आठवडा झाला. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, धक्का आहे, वाट बघा. मला एकच भीती होती, आणि ती मी सुजाताजवळही बोललो नाही. जो माणूस शब्द घेऊन आला होता, तो जाताना ते घेऊन गेला तर?

काकींना भेटायला मी वर जातच होतो. त्यांची मुलगी पुण्याहून आली होती, दिवसकार्य आटोपून तिला परत जावं लागलं. घर अगदी गप्प. बाल्कनीतल्या बाकड्यावर कुणीतरी स्वच्छ चादर घालून ठेवली होती. जेवलात का विचारलं की काकी म्हणायच्या, हो. सुजाताने डबा पाठवला तर डबा धुऊन परत यायचा, पण शेजारची बाई सांगायची, त्यांनी तो वॉचमनला दिला. एकदा मी निघताना काकी म्हणाल्या, "मिलिंदा, ते डबे काढून टाक रे छतातले."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काढून टाक. वर कायच आयकाक येना नाय. पूर्वीसारखा घुमांदे. डोक्याक काय जाता ता जांदे."

मी खाली आलो, स्टूल घेतलं, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पहिला स्पीकर फिरवून खाली घेतला. आत पेटीची कड दिसली. तासलेल्या टोकावर रंध्याचे लांब, सरळ पट्टे. माझा हात पुढे जाईना. अण्णा खालून बघत होते. सुजाता स्वयंपाकघरातून आली, तिने मला तसं चढलेलं पाहिलं, कारण ऐकलं आणि म्हणाली, "गाणं वर कशाला पाठवताय? काकींना खाली घेऊन येते की मी." आणि पदराला हात पुसत तशीच जिना चढून गेली.

काकी आल्या त्या नाइलाजाने. कितीतरी वेळ उंबऱ्यावरच थांबल्या. चार वाजत आले होते. काका ज्या खुर्चीत बसत ती रिकामी होती, सुजाताने तिथे बसा म्हटलं तर त्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी स्टुलावरून उतरून स्पीकर हातात धरून उभा. अण्णांनी मान वळवली. काकींकडे बघत राहिले. त्यांचा ओठ हलला, थांबला, पुन्हा हलला, आणि अठरा दिवसांच्या गप्पपणातून शब्द आले, अगदी काकांच्या ठसक्यात, शेवटचा सूर वर उचलून…

"जेवलंस गो?"

काकींनी पदर तोंडाशी नेला. इतके दिवस या प्रश्नाला सगळ्यांना त्या हो म्हणत आल्या होत्या.

"नाय," त्या म्हणाल्या.

सुजाता आत गेली. तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला. काकी पुढे आल्या आणि त्या खुर्चीत बसल्या.